गोड बोलणारी पात्रं

पत्र : मी मूळची तासगाव तालुक्यातली, सासर कोरेगाव. शाळेत शिकवते आणि सवड मिळेल तशी कथा लिहिते. एका दिवाळी अंकाकडं पाठवलेली कथा परत आली. संपादकांनी लिहिलं होतं, ‘पात्रं एकमेकांशी फार गोड बोलतात, त्यामुळं कुणाचं कुणाशी काय नातं आहे ते कळत नाही. जरा ग्रामीण ठसका आणा.’ कथा अशी आहे. वडील वारल्यावर धाकटा भाऊ संभा थोरल्या बहिणीकडं, पमाक्काकडं, हक्कसोडपत्रावर सही मागायला येतो. बेदाण्याच्या शेडसाठी त्याला कर्ज काढायचंय. ती सही देते. भांडण होत नाही. आमच्याकडं खरंच कुणी भांडत नाही. सगळं गोडीगुलाबीनं होतं आणि पोटात गोळा मात्र राहतो. मला तो गोळाच लिहायचाय. मग पात्रांच्या तोंडी शिव्या घालू का? की भांडणाचा एखादा प्रसंग वाढवू? कथेतलं एक पान सोबत जोडलंय.
– एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

नमस्कार.

शिव्या घालू नका आणि भांडणही वाढवू नका. ‘पोटात गोळा मात्र राहतो’ हे तुमच्या पत्रातलं वाक्य तुम्ही पाठवलेल्या अख्ख्या पानापेक्षा जिवंत आहे. तो गोळा गोड बोलण्यातूनच तयार झालाय. ते बोलणं काढून टाकलंत तर कथाच हातातून जाईल. संपादकांची तक्रार मात्र खरी आहे. पान वाचून मलाही उमगलं नाही की हे बहीण-भाऊ आहेत की एकाच पतसंस्थेत शेजारी बसणारे दोन कारकून. पात्रं गोड बोलतात यात काही वावगं नाही. सगळी सगळ्यांशी सारखीच गोड बोलतात, तिथं कथा अडते.

वाचकांसाठी तुमच्या पानावरच्या चार ओळी इथं देते :

‘ताई, कशा आहात? कृपया या कागदावर सही कराल का?’
‘हो, करते ना. बस, चहा घेऊन जा.’
‘नको, उगाच तुम्हाला त्रास.’
‘त्रास कसला त्यात?’

‘कृपया’ तासगावात एसटी स्टँडवरच्या पाटीवर असतं, कुणाच्या तोंडी नसतं. पण ते एका फटक्यात खोडता येईल. खरी अडचण ‘तुम्हाला’ या शब्दाशी आहे. संभा पमाक्काला एरवी काय म्हणतो? काही घरांत धाकटा भाऊ थोरल्या बहिणीला अहो-जाहो करतो, बऱ्याच घरांत अरे-तुरेच चालतं. संभाचं आधीचं बोलणं आम्ही कुठंच ऐकलेलं नाही. त्यामुळं हे ‘तुम्हाला’ नेहमीचं आहे की आजच निघालंय, ते कळायला मार्गच नाही.

बोलण्यातली अदब दोन प्रकारची असते आणि कथा लिहिणाऱ्याला ती वेगळी ओळखता यायला हवी. एक असते रीत. सून सासूला ‘अहो आई’ म्हणते, पोरगं गुरुजींना ‘तुम्ही’ म्हणतं, निघताना माणूस ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. यात कुणी काही निवडलेलं नसतं. लहानपणापासून कानावर पडलेलं तसंच तोंडून येतं. दुसरी अदब हेतूनं आलेली असते. काही मागायचंय, काही लपवायचंय, समोरच्याला जरा लांब ठेवायचंय किंवा जवळ ओढायचंय, म्हणून ती कमी-जास्त केलेली असते.

भाषाशास्त्रात यावर मोठा वाद झालाय, आणि तो कथाकाराच्या कामाचा आहे. पेनेलोपी ब्राऊन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी १९७८ मध्ये असं मांडलं की बोलताना माणूस स्वतःची आणि समोरच्याची आब सांभाळत असतो. किती सांभाळायची हे तीन गोष्टींवर ठरतं. दोघांमध्ये अंतर किती, कुणाची कुणावर सत्ता किती, आणि जे मागायचंय त्याचं ओझं केवढं. त्यांनी इंग्रजीबरोबर तमिळ आणि मेक्सिकोतली त्सेल्ताल या भाषांमधली बोलणी तपासली होती. जपानच्या साचिको इदे यांनी १९८९ मध्ये याला हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं की जपानी माणसाची अदब हा दरवेळी आखलेला बेत नसतो, आपली जागा ओळखून तसं बोलणं हीच तिथली रीत असते. मराठी माणसाला दोन्ही बाजू पटतील. आपल्याकडं रीतही घट्ट आहे आणि बेतही चालतो. बेत बहुतेक वेळा रीतीचेच कपडे घालून येतो, म्हणून समोरच्याला बोलताही येत नाही. ‘तू मला मान का देतोयस?’ असं कोण कुणाला विचारणार?

तुमच्या पानावर फक्त रीत आहे. ती सगळ्यांचीच असल्यामुळं वाचकाला तिच्यातून पात्राबद्दल नवं काही समजत नाही. वाचकाचे कान टवकारतात ते अपेक्षेपेक्षा अदब जास्त आली किंवा कमी पडली की.

आता त्या तीन गोष्टी तुमच्या प्रसंगाला लावून बघा. अंतर म्हणाल तर काहीच नाही, सख्खी भावंडं. ओझं म्हणाल तर केवढं तरी, द्राक्षबागेतला हिस्सा मागायचाय. ‘आक्के, मीठ दे’ एवढ्यावर मीठ मिळतं, हिस्सा मिळत नाही. आणि सत्ता? इथं तुमच्या हातात एक फार चांगली गोष्ट आहे आणि ती तुम्ही वापरलेली नाही. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये वारसा कायदा बदलला, तेव्हापासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेली, सणावारापुरती येणारी पमाक्का एरवी त्या घरात कुठल्याच निर्णयात नसते. सही करेपर्यंतचे हे चार दिवस मात्र सगळं तिच्यावर अडलेलं असतं. संभाला हे माहीत आहे, पमाक्कालाही माहीत आहे, आणि दोघांपैकी कुणीही ते बोलणार नाही. मग ते दिसणार कुठं? ‘तू’चं ‘तुमी’ होण्यात.

त्यासाठी आधी ‘तू’ ऐकवायला हवा. कथेच्या सुरुवातीला, वडील हयात असतानाची एखादी भाऊबीज घाला. दोन ओळी पुरतील :

‘आक्के, झाली का न्हाई भाकरी? पोटात कावळं वरडायल्यात.’
‘हातपाय धू आदी. घोडा झालास तरी सांगायला लागतंय व्हय?’

या दोन ओळींत अदबीचा लवलेश नाही आणि माया ओसंडून वाहतेय. आता सही मागायचा दिवस. संभा कोरेगावला आलाय. पमाक्का स्वयंपाकाला लागलेली आहे, परातीत पीठ घेतलंय :

‘आक्का, बरं हाय न्हवं? दाजी न्हाईत व्हय घरात?’
‘मळ्यात गेल्यात. बस. भाकरी टाकते, जेव.’
‘नगं, जेवूनच निघालोय. तुमी कशाला तरास घेतासा?’
पमाक्कानं परातीतलं पीठ डब्यात परत ओतलं, हात धुतले.
‘मग च्या तरी घ्या.’

बदललंय ते एवढंच. ‘आक्के’चं ‘आक्का’ झालं, ‘तू’चं ‘तुमी घेतासा’ झालं, आणि तासगावाहून सकाळी निघालेला भाऊ म्हणतो की मी जेवून आलोय. हे खोटं आहे हे दोघांनाही कळतं. पूर्वीचा संभा ताट मागून घेणारा होता. ज्याला आज हिस्सा मागायचाय त्याला बहिणीच्या हातची भाकरी खाऊन मागणं जड जातंय. आपल्याकडं ‘नको नको’ म्हणणं ही रीतच आहे. पाहुणा दोनदा नको म्हणतो, तिसऱ्यांदा घेतो, आणि पहिल्या झटक्यात ‘आण’ म्हणणारा फक्त घरचा असतो. संभाचं ‘नगं’ त्याला घरच्यांतून उठवून पाहुण्यांत बसवतं. आणि हे त्याचं त्यानंच केलंय.

पमाक्काचं उत्तर नीट बघा, कारण नवे लेखक नेमके इथं घसरतात. हात शिवशिवतो आणि तिच्या तोंडी वाक्य येतं, ‘कवापास्नं मला तुमी म्हणायला लागलास रं?’ हे वाक्य लिहू नका. लिहिलंत की गोळा पोटातून बाहेर आला, संभानं मान खाली घातली, दोघं रडली, कथा संपली. पमाक्का शहाणी आहे. तिनं ऐकलं आणि त्याच मापानं परत दिलं. ‘घ्या.’ त्यानं तिला मान दिला, तिनं त्याला दिला. आता त्या खोलीत बहीणही नाही आणि भाऊही नाही, हक्कसोडपत्राचे दोन पक्षकार आहेत. एका क्रियापदात हे होतं आणि वर कुणाला म्हणता येत नाही की पमाक्का वाईट बोलली. जिथं भांडता येत नाही तिथली बाई भांडते ती अशी. तुमच्या पत्रातलं ‘आमच्याकडं कुणी भांडत नाही’ हे वाक्य मला म्हणूनच पुरतं खरं वाटत नाही. भांडतात, क्रियापदांतून भांडतात.

भावजयीचं पात्र तुम्ही नुसतं नावाला ठेवलंय, सुरेखा. तिला एक प्रसंग द्या. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जायच्या आदल्या दिवशी पमाक्का माहेरी उतरली असेल. एरवी ती आली की सरळ चुलीपाशी जाऊन बसत असणार, लसूण सोलायला घेत असणार. आज सुरेखा सोप्यात प्लॅस्टिकची खुर्ची टाकते. ‘वन्सं, हितं बसा की. आत धूर हाय.’ ट्रेमधून पाणी येतं, मागोमाग कपबशी, बशीत बिस्किटं. सुरेखाच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नाही. उलट शेजारीपाजारी म्हणतील, नणंदेचा किती मान ठेवते. पण ज्या घरात पमाक्का रांगली त्या घरात तिला खुर्ची दिली गेलीय. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर. इथं पमाक्काला एक शब्दही बोलायला लावू नका, ती बिस्किट खाते की नाही एवढंच लिहा. त्या ‘बसा की’मधल्या ‘की’कडंही लक्ष असू द्या. आपल्याकडचा हा ‘की’ हुकमाला आग्रह बनवतो, म्हणून तो मोडणं अवघड जातं. नुसतं ‘बसा’ म्हटलं तर माणूस ‘राहू दे, मी आत जाते’ म्हणून उठू शकतो.

सुरेखाला खलनायिका मात्र करू नका. तिला कर्जाची भीती असेल, नवऱ्यानं बजावलं असेल की आक्काला दुखवू नकोस. ती जीव तोडून नीट वागतेय, आणि त्या नीट वागण्यानंच पमाक्का परकी होतेय. मला ही कथा आवडते ती यासाठीच.

आता तुमच्या संपादकांच्या ‘ग्रामीण ठसक्या’बद्दल. सातारा-सांगलीकडचं पात्र म्हटलं की शिवी, दणका, रांगडेपणा अशी एक समजूत पुस्तकं वाचून झालेली आहे. इथं रांगडं बोलणं असतं, पण ते कुणाशी असतं ते बघा. ‘काय रं लेका, मेलास काय कुटं?’ हे जिवलग मित्राशी असतं. ती जवळिकीचीच भाषा आहे, तिथं शिवीला शिवीचं वजन उरत नाही. असे दोन मित्र कथेत असतील आणि एकानं दुसऱ्याची जागा गुपचूप लिहून घेतली असेल, तर तो दुसरा शिव्या देणार नाही. तो म्हणेल, ‘या पाटील, बसा. काय काम काढलंसा?’ दोस्ती तिथं तुटली. म्हणजे शिवी घातल्यानं ठसका येईलच असं नाही, शिवी काढून घेतल्यानं मात्र हमखास येतो.

सत्तेचंही एक उदाहरण देते, ते उसाच्या पट्ट्यातल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. गाळपाचा हंगाम संपत आलेला, उसाला तुरे आलेले, तोड मिळत नाही. साठीचा बागायतदार, गावच्या सोसायटीचा माजी चेअरमन, बांधावर उभा राहून तोडीची चिठ्ठी देणाऱ्या, कारखान्याच्या विशीतल्या चिटबॉयला म्हणतो, ‘साहेब, आमचा तेवढा नंबर बघा की.’ तो चिटबॉय कदाचित त्याच्याच गड्याचा पोरगा असेल. सोसायटीच्या कचेरीत त्याला कुणी बसायला सांगितलं नसतं. वाक्य लहान आहे, पण त्यात हंगाम आहे, अडवणूक आहे, आणि बाजूला उभं राहून बापाचं ते ‘साहेब’ ऐकणारा मुलगाही आहे. हे वाक्य त्या मुलाच्या कानानं ऐकवलंत तर एक वेगळी कथाच होईल. ही मी तुम्हाला देऊन टाकली.

एका गोष्टीकडं तुमचं अजिबात लक्ष गेलेलं दिसत नाही. पात्रांचं बोलणं अवतरणचिन्हांत असतं, पण मराठीत निवेदकालाही अदबीतून सुटका नाही. ‘तात्या उठला’ लिहायचं की ‘तात्या उठले’, हे प्रत्येक वाक्याला ठरवावं लागतं. तुमच्या पानावर वडील, म्हणजे तात्या, एकदा ‘उठले’ आहेत आणि दोन परिच्छेदांनी ‘म्हणाला’ आहेत. लिहिण्याच्या ओघात ते झालं असावं, पण वाचकाला वाटतं निवेदकाचं वडिलांशी काहीतरी बिनसलं. निवेदन पमाक्काच्या बाजूनं जातंय ना? मग तात्या सतत ‘आले’, ‘म्हणाले’ राहू द्या. संभा आधी ‘आला’, ‘म्हणाला’. प्रश्न आहे तो सहीनंतरच्या संभाचा. तिथं निवेदनातही ‘संभाजीराव गाडीतून उतरले’ असं लिहून बघा. कदाचित ते जास्त होईल आणि तुम्हाला खोडावं लागेल. पण लिहून बघितल्याशिवाय ते कळणार नाही.

आणि शेवट. तुमचा शेवट आत्ता असा आहे की पमाक्का एसटीत बसून वडिलांची आठवण काढते आणि डोळे पुसते. तिचं दुःख खरं आहे, पण आठवण काढून रडणं कुठल्याही कथेतल्या कुठल्याही बहिणीला जमेल. तुमच्याकडं याहून नेमकं काहीतरी आहे. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे आहेत. ‘आपली बाग’ म्हटलं की ऐकणारा त्यात धरलेला असतो, ‘आमची बाग’ म्हटलं की तो बाहेर असतो. सही मागताना संभा काय म्हणेल? ‘आपल्या बागंला शेड हुईल, आक्का. आपलंच हाय की सगळं.’ ते तो खोटं म्हणत नसेल, त्या क्षणी त्याला तसंच वाटत असेल. मग सही होते, अंगठ्याचे ठसे होतात, फोटो निघतो. संभा बहिणीला स्टँडवर सोडतो, खिडकीशी उभा राहतो, द्राक्षांची पेटी आत सरकवतो आणि म्हणतो, ‘सुगी संपली की या आमच्याकडं चार दिस. आमची नवी शेड बगायला.’

हे तो प्रेमानं म्हणतो. बोलावतोय, आग्रह करतोय, पेटी देतोय. यातलं ‘आमची’ त्याच्या ध्यानातही आलेलं नाही. पमाक्काच्या आलंय की नाही, ते सांगू नका. ‘येतो’ म्हणायची रीत आहे, ती ‘येते’ म्हणेल किंवा नुसती मान हलवेल, त्यातलं काय ते तुम्ही ठरवा. तिला मी ओळखत नाही, तुम्ही ओळखता.

राहता राहिला बोलीचा प्रश्न. पत्राच्या तळाशी तुम्ही विचारलंय की ‘घेतासा’, ‘काढलंसा’ अशी रूपं छापतील का. छापतील, पण वाटेत कुणीतरी ती ‘दुरुस्त’ करण्याचा संभव असतो. या कथेत ‘घेतासा’चं ‘घेता’ केलं तर प्रसंग फिका पडेल, कारण संभाचा परकेपणा ‘तुमी’इतकाच त्या ‘सा’मध्येही आहे. तेव्हा कथेसोबत संपादकांना दोन ओळींचं पत्र जोडा की संवादातली ‘तू’, ‘तुमी’ आणि ‘-सा’ची रूपं जाणूनबुजून ठेवलेली आहेत, मुद्रितशोधनात बदलू नयेत. आणि पाठवण्याआधी स्वतः एकदा पेन्सिल घेऊन फक्त सर्वनामं आणि क्रियापदं तपासा. पहिल्या पानावरचा संभा कुठंही चुकून ‘तुमी’ म्हणत नाही ना, एवढं बघा.